सुगरतीचे सहा आठवडे

मोहढाण्याच्या शाळेत तिसरीत अठरा मुलं होती. त्यांतली सतरा अडखळत का होईना, वाचत होती. अठरावी सुगरती जांबेकर. दोन वर्षांत तिला अकरा अक्षरं आली होती आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांतली सात पुसली गेली होती.

केतकी भुयारला त्या प्रत्येक अक्षराचा इतिहास पाठ होता. 'क' आला तो पोळ्याच्या आदल्या आठवड्यात, रेतीच्या ताटात गिरवून. 'म' यायला दोन महिने लागले. सुगरतीच्या पाठीवर बोटाने काढून काढून तो शेवटी तिच्या डोक्यात शिरला. केतकी विशेष शिक्षिका होती. मेळघाटातल्या नऊ शाळा तिच्याकडे होत्या आणि मंगळवार-गुरुवार मोहढाण्याचे. जी मुलं वर्गाबरोबर चालू शकत नाहीत त्यांना एकेकटं घेऊन बसायचं, नेमकं कुठे अडतंय ते शोधायचं आणि तिथे हात द्यायचा, हे तिचं काम. पोषण आहाराचे तांदूळ ठेवायच्या खोलीला लागून एक चिंचोळी खोली होती, तिथे ती बसे. सतरा वर्षं झाली होती तिला या कामात. बहुतेक मुलं वर्षा-दीड वर्षात रांगेला लागत. सुगरती लागली नाही.

आणि सुगरती मंद मुळीच नव्हती. दुपारची खिचडी झाली की चिंचेखाली पहिली-दुसरीची पोरं तिच्याभोवती कोंडाळं करून बसत आणि ती त्यांना कोरकूत, घरच्या बोलीत, गोष्टी सांगे. मोहाची फुलं खाऊन झिंगलेलं अस्वल आपल्या सासूकडे जातं, ही तिची खास गोष्ट. ती अस्वलासारखी डुलायची, सासूसारखी नाक मुरडायची, मध्येच थांबून पोरांच्या तोंडाकडे बघायची, आणि पोरं हसून हसून लोळायची. तिची धाकटी बहीण इमरती पुढच्या ओळीत बसून पुढचं वाक्य आधीच म्हणून टाकायची आणि टपली खायची. केतकीला त्यातलं फारसं कळत नसे. तिला पन्नासेक कोरकू शब्द येत होते, ते सुगरतीनेच शिकवलेले. डा म्हणजे पाणी, सीटा म्हणजे कुत्रा, जोम म्हणजे जेव. केतकी चुकली की सुगरती तिच्याच आवाजात म्हणायची, "घाई नको. परत म्हण."

गोष्ट सांगून झाली की हीच मुलगी आत येऊन पुस्तकासमोर बसे आणि तिचा चेहरा दार लावून घेतल्यासारखा होई.

केतकीने तो चेहरा घरातच पाहिला होता. तिचा धाकटा भाऊ ऋषी असाच होता. गुरुजींनी त्याला पट्टीने मारलं, वडिलांनी पट्ट्याने मारलं, सातवीत त्याने शाळा सोडली. आता तो अकोल्यात मालट्रक चालवायचा, पस्तिशी उलटली होती, आणि अजून फोनवर आलेला निरोप बायकोला न दाखवता केतकीला पाठवायचा : ताई, काय लिहिलंय सांग. त्याच्यासाठीच ती या कामात आली होती, असं ती कुणाला म्हणायची नाही. पण ते तसंच होतं.

म्हणून दोन हजार एकेचाळीसच्या जूनमध्ये 'वाचनसेतू' योजनेचं पत्र आलं, तेव्हा तिने ते उभ्या उभ्या तीनदा वाचलं.

प्रशिक्षणाला डॉ. शाल्मली नाईक आल्या होत्या. तिशीतल्या, शांत, कुठलाही प्रश्न मूर्खपणाचा न मानणाऱ्या. त्यांनी फळ्यावर एक चेतापेशी काढली आणि तिच्याभोवती मासे पकडायच्या जाळ्यासारख्या रेघा मारल्या.

"बाळाच्या मेंदूत हे जाळं जवळजवळ नसतं," त्या म्हणाल्या. "म्हणून बाळ कुठलीही भाषा उचलतं. पेशी हव्या तशा जोडल्या जातात, सुटतात. वय वाढतं तसं प्रथिनांचं हे जाळं पेशीभोवती विणलं जातं आणि झालेल्या जोडण्या पक्क्या होतात. ते चांगलंच आहे, नाहीतर आपण रोज सगळं विसरलो असतो. पण काही मुलांत अक्षर आणि आवाज यांना जोडणारा रस्ता तयार होण्याआधीच तो भाग घट्ट होतो. मग तुम्ही बाहेरून कितीही शिकवा, आत जागा नसते."

यंत्र साधं दिसायचं. नाकात एक फवारा आणि डोक्यावर टोपी. फवाऱ्यातलं औषध जाळं सैल करणारं, आणि टोपीतून निघणाऱ्या, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी ते औषध डाव्या कानशिलामागच्या भाषेच्या पट्ट्यातच उतरवत. सहा आठवडे तो पट्टा पुन्हा दोन वर्षांच्या बाळासारखा. त्या सहा आठवड्यांत रोज सहा तास अक्षर आणि आवाज, आवाज आणि अक्षर. मग फवारा बंद. तीन आठवड्यांत जाळं परत विणलं जातं आणि नवा रस्ता कायमचा होतो. शहरांतल्या चारशे मुलांवर प्रयोग झाले होते. त्यांतली तीनशे सत्त्याऐंशी वाचत होती.

केतकीने फक्त एक विचारलं, "केंद्रावरच का राहायचं? घरी ठेवून नाही होणार?"

"करून पाहिलं. या मुलांचा मेंदू त्या काळात खूप ओला असतो हो. दोन पाटांनी पाणी सोडलं की एकही पाट धड भरत नाही. सहा आठवडे एकच भाषा, एकच उच्चार. त्याशिवाय जमत नाही."

उत्तर पटण्यासारखं होतं. केतकीला ते पटलं.

सुगरतीची आई रामकली घरी एकटीच असायची. नवरा हिरालाल रस्त्याच्या कामावर बाहेर, वर्षातले आठ महिने. तिला मराठी येत होती ती बाजारापुरती. केतकी तिच्या अंगणात बसली, टोपीचं चित्र दाखवलं, जमेल तसं समजावलं. रामकलीने चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"दुखते?"

"नाही दुखत."

"मग पोरगी वाचन?"

"वाचेल, रामकलीबाई. पाटी वाचेल, दवाखान्याचा कागद वाचेल, सगळं वाचेल."

रामकली आत गेली, हात धुऊन आली आणि संमतीच्या पत्रावर अंगठा उठवला. अंगठा स्वच्छ उठावा म्हणून ती हात धुवायला गेली होती.

तालुक्याच्या गावी एका वसतिगृहात केंद्र होतं. बारा मुलं, बाराही टोप्या घातलेली, आणि त्यांची विशेष शिक्षिका म्हणून केतकी तिथेच मुक्कामाला. अकरा मुलं खालच्या सपाटीवरच्या गावांतली, घरी मराठी बोलणारी. जंगलातली एकटी सुगरती.

पहिल्या आठवड्यात काही झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात तिने 'कमळ' वाचलं. वाचलं म्हणजे सुटी अक्षरं नव्हे. शब्द एकदम, पाण्यात हात घालून मासा काढावा तसा. केतकी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली आणि थोडा वेळ आत आलीच नाही. तिसऱ्या आठवड्यात सुगरती जेवणघरातल्या साबणाच्या वड्यांवरची नावं वाचत सुटली. तिची मराठीही सुटली. वाक्यं लांब झाली, 'ण' आणि 'न' वेगळे झाले. बोलताना ती आता शब्द शोधायला थांबत नव्हती.

चौथ्या आठवड्यातल्या रविवारी रामकलीचा फोन आला. गावातल्या कुणाच्या तरी फोनवरून ती बोलत होती, मोठ्याने, जंगलापलीकडून हाक मारल्यासारखी. सुगरती फोन कानाला लावून उभी होती. तिने एकदा "हो" म्हटलं. मग बराच वेळ काहीच नाही. मग तिने फोन कानापासून काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि केतकीच्या हातात दिला.

"मॅडम, आई काय म्हणते?"

केतकीला वाटलं आवाज तुटतोय. तिने फोन कानाला लावला. आवाज स्वच्छ होता.

"तुला कळत नाही?"

"ओळखीचं वाटतं," सुगरती म्हणाली. थोडा विचार करून म्हणाली, "पण कळत नाही."

त्या दिवशी दुपारी केतकीने डॉ. नाईकांना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्या चारशे मुलांत घरची भाषा वेगळी असलेलं कुणीच नव्हतं."

"म्हणजे?"

"सहा-सात वर्षांची मुलं परक्या देशात दत्तक जातात ना, ती आपली पहिली भाषा वर्षभरात पार विसरतात. मोठं माणूस विसरत नाही, कारण जाळं घट्ट असतं. आपण तिचं जाळं सोडलंय. जी भाषा रोज कानावर पडतेय ती जागा धरतेय. जी पडत नाहीये..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"मग आज थांबवा. आज घरी नेते तिला."

"नेऊ शकता. पण वाचनाचा रस्ता अजून कच्चा आहे. आज फवारा बंद केला तर तो टिकेल याची खात्री मी देत नाही. आणि कोरकू परत येईलच याचीही नाही. कदाचित येईल. कदाचित दोन्ही जातील. अजून दोन आठवडे दिले तर वाचन नक्की राहील." डॉक्टरांचा आवाज नेहमीसारखाच शांत होता, पण त्या केतकीकडे बघत नव्हत्या. "तिची शिक्षिका तुम्ही आहात. तुम्ही सांगाल ते मी लिहीन."

रामकलीला विचारायला हवं होतं. केतकीला हे तेव्हाही कळत होतं. पण फोनवर, त्या तुटक्या मराठीत, काय विचारणार? आणि त्याच सकाळी सुगरतीने पहिला अख्खा परिच्छेद वाचला होता. वाचून झाल्यावर तिने पुस्तकावर तळवा ठेवला होता, एखादं जनावर माणसाळलं की त्याच्या पाठीवर ठेवतात तसा. केतकीच्या डोळ्यांपुढे तो तळवा होता, आणि ऋषीही. कोरकू घरी गेल्यावर येईल, असं तिने स्वतःला सांगितलं. आईजवळ गेली की चार दिवसांत येईल. आईची भाषा कुठे जाते?

"दोन आठवडे चालू ठेवा," ती म्हणाली.

परत आणायच्या दिवशी रामकली गावाच्या तोंडाशी येऊन उभी होती, कडेवर इमरती, सहा वर्षांची, कडेवर बसण्याइतकी लहान आता नसलेली. गाडीतून उतरताच सुगरती धावली आणि आईच्या कमरेला मिठी मारली. तोवर सगळं ठीक होतं. मग रामकली बोलू लागली. सहा आठवड्यांचं साठलेलं एकदम. इमरती वरून त्यात आपलं मिसळत होती. सुगरतीने मान वर करून एकीच्या तोंडाकडे पाहिलं, मग दुसरीच्या. मग तिने वळून केतकीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली पोरं जमली आणि अस्वल-अस्वल करू लागली. ते काय मागतायत हे सुगरतीला त्यांच्या डुलण्यावरून कळलं. "मला येत नाही," ती मराठीत म्हणाली. मग आत जाऊन पुस्तक घेऊन आली आणि त्यांना धडा वाचून दाखवू लागली, न अडखळता, सुरेख. पोरं थोडा वेळ बसली. मग एकेक करून उठली.

रामकलीला वाटलं, पोरगी लाजते. बाहेर शिकायला गेलेली पोरं गावी परतली की कोरकूत बोलायची लाज धरतात, हे तिने पाहिलं होतं. आठ दिवस तिने सहन केलं. नवव्या दिवशी सुगरतीला पाणी आणायला सांगितलं, तीनदा सांगितलं, आणि ती नुसती बघत राहिली तेव्हा रामकलीने तिच्या थोबाडीत मारली. त्याच दिवशी शाळेत येऊन ती केतकीसमोर उभी राहिली.

"मॅडम, तू सांग तिले. आई हाय मी. लाज काहून वाटते?"

केतकीने तिला खाली बसवलं. सांगायला शब्द नव्हते. दोघींना समजतील असे तर नव्हतेच. शेवटी तिने रेतीचं ताट पुढे ओढलं, त्यात बोटाने एक रेघ मारली. ही तुमची बोली. मग ताट हलवलं. रेती भुसभुशीत झाली, रेघ बुजली. तिच्यावर दुसरी रेघ मारली. ही मराठी. मग हाताने रेती दाबून दाबून घट्ट केली.

रामकली ताटाकडे बघत राहिली. मग तिने बोट पुढे केलं आणि पहिली रेघ जिथे होती तिथे टेकवलं.

"हे मिटवलं?"

"हो."

"तुले माहीत होतं?"

चौथ्या आठवड्यातल्या रविवारपर्यंत माहीत नव्हतं, असं केतकी म्हणू शकली असती. ते खरंही होतं. "मध्येच कळलं होतं," ती म्हणाली. "मी थांबवलं नाही."

रामकली उठली आणि निघून गेली. ती ओरडली असती तर केतकीला बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात केतकीने फोनवर भाषांतराची सोय उतरवून घेतली. कोरकूसाठी ती नुकतीच निघाली होती. फोन दोघींच्या मध्ये पाटावर ठेवला. रामकली काहीतरी बोलली, हळू, लेकीच्या केसांवर हात फिरवत. फोन क्षणभर थांबला आणि बातम्या देणाऱ्या पुरुषाच्या आवाजात म्हणाला, "माझ्या लहान पक्ष्याचे यकृत, तू जेवण केले आहेस काय?" सुगरतीला हसू आलं. रामकलीने फोनकडे पाहिलं, मग केतकीकडे.

"हा कोण माणूस? माझ्या जागी हा काहून बोलते?"

तो फोन तिने पुन्हा पाटावर ठेवू दिला नाही.

मग केतकीने जे तिला येत होतं तेच केलं. मंगळवार-गुरुवार तिने रामकलीला त्या चिंचोळ्या खोलीत बोलावलं. विद्यार्थिनी सुगरती, शिकवणारी तिची आई, विषय कोरकू. केतकी चित्रांचे पत्ते करून द्यायची. रामकली चित्र दाखवायची, शब्द म्हणायची, सुगरती मागून म्हणायची. नऊ महिन्यांच्या बाळाला जे नुसतं ऐकून येतं ते ही नऊ वर्षांची मुलगी पाठ करत होती. जाळं परत विणलं गेलं होतं. शब्द आले, दीडशेच्या आसपास आले, पण ते सुगरतीच्या तोंडून पाहुण्यासारखे बाहेर पडत, चप्पल दाराशी काढून. इमरती खिडकीतून बघायची आणि ताईचे उच्चार ऐकून फिदीफिदी हसायची. नंतर नंतर तीही हसेनाशी झाली.

एका गुरुवारी रामकलीने पत्ते बाजूला सारले आणि अस्वलाची गोष्ट सांगायला घेतली. मुळात ती तिचीच गोष्ट होती. सुगरतीने आईचीच उचलली होती. त्या खोलीत त्या दिवशी केतकीला कळलं की मुलीने आईकडून फक्त गोष्ट घेतली नव्हती. ते डुलणं, ते नाक मुरडणं, मध्येच थांबून समोरच्याच्या तोंडाकडे बघणं, सगळं रामकलीचं होतं. रामकली त्या जागी थांबली आणि तिने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं.

सुगरती शहाण्या मुलीसारखी हात मांडीवर ठेवून ऐकत होती. "पुढे काय झालं?" तिने मराठीत विचारलं.

रामकलीने सांगायचा प्रयत्न केला. "अस्वल गेला. सासू... सासूचा घरी गेला. मग सासू म्हणला..." ती थांबली. पुन्हा सुरू केलं. "मग अस्वल पडला." हातांनी काहीतरी दाखवलं, ते अर्धवट ठेवलं. "बस. पडला."

"छान आहे," सुगरती म्हणाली.

बाहेर आल्यावर तिने केतकीचा हात धरला. "मॅडम, हे बंद करा ना. मला जमत नाही. आणि आईला रडू येतं. ती घरी जाऊन रडते, मला कळतं ते." जरा वेळाने ती म्हणाली, "मी वाचत बसते तेव्हा तिला बरं वाटतं. माझ्याकडे बघत बसते."

केतकीने योजनेला अहवाल पाठवला होता, चार पानी. उत्तरात एक छापील तक्ता आला. 'दुष्परिणाम' या रकान्याखाली ताप, उलटी, झटके, निद्रानाश, वाचादोष अशा चौकटी होत्या. वाचादोषाच्या चौकटीला टीप होती : शाळेच्या माध्यमभाषेत तपासावे. माध्यमभाषेत सुगरतीची वाचा आधीपेक्षा दुप्पट सुधारली होती. डॉ. नाईकांनी फोन करून सांगितलं की त्यांनीही लिहिलंय, वरपर्यंत लिहिलंय. पुढच्या खेपेपर्यंत काहीतरी होईल असं त्या म्हणाल्या, आणि केतकीला त्यांच्या आवाजावरून कळलं की त्यांचाही त्यावर विश्वास नाही.

डिसेंबरात साहेबलोक आले. सुगरतीने स्वागताचं भाषण वाचलं. तिचे फोटो निघाले, आणि जानेवारीत मोहढाण्याच्या आसपासच्या शाळांतून चाळीस मुलांची यादी मागवण्यात आली. प्रत्येक नावासमोर विशेष शिक्षिकेची सही हवी होती.

"मी करणार नाही," केतकी म्हणाली.

मुख्याध्यापक तायडे सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वाईट माणूस नव्हता. "मॅडम, तुम्ही नाही केली तं दुसरी बाई करन. आन् मायबापच मागून राह्यले. कालच सातजण येऊन गेले. त्यायले म्या काय सांगू? तुमच्या पोरायले वाचता येऊ देत नाही म्हणून?"

"खरं सांगा त्यांना. बोली जाईल म्हणून सांगा."

"सांगतलं." तायडे सर खिडकीबाहेर बघत होते. "एक जण म्हणे, या बोलीनं मले काय देल्लं? तहसिलीत गेलो तं बाहेर उभं करते. जाऊ द्या म्हणे."

त्या सातही घरी केतकी स्वतः गेली. सगळ्यांनी तिला चहा दिला, सगळ्यांनी ऐकून घेतलं. दोघांनी विचारलं, तुमची पोरं कोणत्या शाळेत शिकली? चौथ्या घरातून बाहेर पडताना तिला जाणवलं की तिच्याजवळ द्यायला काही नाही. वाचन नको म्हणायचा हक्क तिला नव्हता; आणि टोपीशिवाय वाचन येत नाही, हे त्या अकरा अक्षरांनी दाखवून दिलंच होतं. फेब्रुवारीत दुसऱ्या तालुक्यातली बाई आली आणि तिने दोन दिवसांत चाळीस सह्या केल्या. केतकीची बदली खालच्या सपाटीवर झाली. शिक्षा म्हणून नाही, असं पत्रात लिहिलं होतं.

त्याच आठवड्यात रामकली शाळेत आली. बऱ्याच दिवसांनी आली होती.

"मॅडम, टोपी मोठ्या बाईले चालते?"

केतकीला आधी समजलंच नाही.

"मले," रामकली म्हणाली. स्वतःच्या कानशिलावर हात ठेवून तिने रेती हलवल्यासारखा हलवला. "मी बी मिटवतो. मग मराठी येईन. मग पोरगीसंग बोलन."

"नाही चालत," केतकी कशीबशी म्हणाली. "दहा वर्षांपुढे नाही चालत. जाळं सुटत नाही मग."

रामकलीने मान हलवली. तिने हे उत्तरही गृहीत धरलंच होतं असं दिसलं. "मग तू शिकव."

बदलीला अजून दोन महिने होते. मंगळवार-गुरुवार, शाळा सुटल्यावर, केतकीने तिला शिकवलं. पाणी दे. भाकर खा. आज काय शिकवलं? तुला ताप आहे का? रामकली जीव तोडून शिकत होती आणि तिला येत नव्हतं. 'पाणी दिला' म्हणायची. 'दिलं' म्हणून घेतलं की तेवढ्यापुरतं 'दिलं', दोन मिनिटांनी पुन्हा 'दिला'. तिच्या बोलीत वस्तूंना बाई-पुरुष नव्हते आणि आता या वयात ते शिरत नव्हते. शब्द आठवेना की ती कपाळाला हात लावून गप्प बसे. एवढ्या मोठ्याने बोलणाऱ्या बाईला केतकीने इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं.

शेवटच्या गुरुवारी निरोप घ्यायला केतकी त्यांच्या घरी गेली. दुपार कलली होती. ओसरीवर सुगरती भिंतीला टेकून वाचत होती, योजनेतून मिळालेलं जाडजूड पुस्तक. रामकली चुलीपाशी. केतकीला पाहून ती उठली, पाटावर बसवलं.

"पाणी आणला," तांब्या पुढे करून ती म्हणाली.

"आणलं," सुगरती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. दटावून नाही, मायेनेच.

"आणलं," रामकली म्हणाली.

तेवढ्यात इमरती धावत आली. नाल्याकडून आली असावी, पाय चिखलाने माखलेले, मुठीत काहीतरी झाकलेलं, श्वास पुरत नव्हता. आल्या आल्या ती सुरू झाली, कोरकूत, एकावर एक शब्द पडत होते, डोळे मोठे, मुठीकडे बोट, मग नाल्याकडे बोट, मध्येच थांबून आईच्या तोंडाकडे बघणं. काय पाहून आली होती कोण जाणे. केतकीला काही कळलं नाही, तरी ती पुढे वाकली.

रामकलीने ओला हात पुसला आणि अलगद धाकटीच्या तोंडावर ठेवला.

"तसं नको बोलू," ती मराठीत म्हणाली. "मराठीत बोल. ताईले समजत नाही."

इमरतीने आईचा हात तोंडावरून काढला. ती आईकडे बघत राहिली. मग ओसरीवर बसलेल्या बहिणीकडे बघितलं. तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. पहिलीतल्या पोरीजवळ असतात तेवढेच शब्द तिच्याजवळ होते.

सुगरतीने पुस्तक मिटलं, मध्ये बोट ठेवून. "काय गं? काय झालं?"

"काही नाही," इमरती म्हणाली, आणि मूठ तशीच मिटलेली घेऊन घरात गेली.